गोदी : कोरडी, ओली आणि तरंगती
(नौकानयनविषयक काही शब्दांच्या अर्थांचा ऐतिहासिक अभ्यास)

सारांश

इंग्रजीतील ‘फ्लोटिंग डॉक’ ही संज्ञा वेगवेगळ्या काळात आणि प्रदेशांत किमान तीन भिन्न वास्तूंसाठी वापरली गेली आहे. मराठीत तिचे भाषांतर करताना, तसेच ‘डॉक’, ‘व्हार्फ’, ‘पियर’, ‘जेट्टी’ या सर्वांसाठी ‘गोदी’ किंवा ‘धक्का’ हे शब्द सरसकट योजताना अर्थाची सरमिसळ होते आणि तिचा परिणाम मुंबई बंदराच्या व कोकण किनाऱ्याच्या इतिहासलेखनावर होतो. प्रस्तुत लेखात या संज्ञांचा उगम, त्यांमागील भौगोलिक कारणे आणि मराठीतील पर्यायी शब्दसंपदा यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : गोदी, धक्का, बंदर, तरंगती गोदी, भरती-ओहोटी, मुंबई बंदर.

१. प्रस्तावना

मुंबईतील पहिली गोदी कोणती, असा प्रश्न पदवीच्या वर्गात विचारला तर विद्यार्थी तीन वेगवेगळी उत्तरे देतात. काहीजण १७५० मध्ये वाडिया घराण्याच्या काळात पूर्ण झालेल्या बॉम्बे डॉकचे नाव घेतात. काहीजण १८७५ मधील ससून डॉक सांगतात. इतर काही १ जानेवारी १८८० रोजी खुली झालेली प्रिन्सेस डॉक हे उत्तर देतात. तिन्ही उत्तरांना छापील पुस्तकांचा आधार दाखविता येतो आणि तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. बॉम्बे डॉक ही जहाजे बांधण्याची व दुरुस्त करण्याची कोरडी गोदी होती. ससून डॉक ही जहाज पाण्यावर तरंगत ठेवून माल चढविण्या-उतरविण्याची ओली गोदी होती. प्रिन्सेस डॉक हीदेखील ओली गोदीच, परंतु १८७३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे पोर्ट ट्रस्टने बांधलेली पहिली मोठी गोदी होती. याचा अर्थ असा की, येथे मतभेद इतिहासातील घटनेविषयी नसून शब्दाविषयी आहे.

शब्दाच्या अशा संदिग्धतेकडे आपण बहुधा तांत्रिक बाब म्हणून दुर्लक्ष करतो. परंतु मुंबईसारख्या शहराचा अर्थव्यवहार, कामगार चळवळ आणि नगररचना ज्या वास्तूंभोवती घडली, त्या वास्तूंना आपण नेमके काय म्हणतो हे स्पष्ट नसेल, तर त्यांचा इतिहासही स्पष्ट होणार नाही. ‘फ्लोटिंग डॉक’ या संज्ञेपासून प्रारंभ करून या शब्दसमूहाची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ‘तरंगणारे नेमके काय आहे : जहाज, गोदी की माणसाच्या पायाखालचा धक्का?’ हा एक साधा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला, तर बहुतेक संदिग्धता दूर होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. ‘डॉक’ : चिखलातील खाचेपासून वास्तूपर्यंत

‘डॉक’ हा शब्द इंग्रजीत डच भाषेकडून आला असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या आरंभीच्या अर्थांपैकी एक लक्षणीय आहे. ओहोटीच्या वेळी जहाज चिखलात किंवा वाळूत टेकले असता त्याच्या तळामुळे जी खाच पडते, ती डॉक. म्हणजे प्रारंभी हा शब्द बांधकामाचा वाचक नव्हता. भरतीबरोबर आत यावे, ओहोटीत टेकावे, उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी करावी आणि पुढच्या भरतीबरोबर निघून जावे, या क्रियेची ती जागा होती. पुढे त्या खाचेला लाकडाच्या किंवा दगडाच्या भिंती आल्या, तोंडाला दरवाजा आला आणि शब्दाला वास्तूचा अर्थ प्राप्त झाला.

कोकण किनाऱ्यावरील वाचकाला ही क्रिया अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ओहोटीला ‘सुकती’ म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. सुकतीला खाडीच्या काठी कलंडून पडलेली होडी, तिचा तळ खरवडणारी माणसे आणि पाणी चढण्याआधी काम उरकण्याची घाई हे दृश्य आजही अनेक खाड्यांमध्ये दिसते. लाकडी जहाजाच्या दृष्टीने ही डागडुजी जीवनमरणाची बाब होती. उष्ण कटिबंधातील समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या किड्यांमुळे जहाजाचा तळ अल्पावधीत निकामी होई. म्हणून तळ पाण्याबाहेर कसा काढावा, हा जगभरच्या नाविकांपुढील समान प्रश्न होता. गोदीचे सर्व प्रकार ही या आणि याला जोडून आलेल्या एका दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे आहेत. तो दुसरा प्रश्न याच्या नेमका उलट आहे : ओहोटी असतानाही जहाज पाण्यावर तरंगत कसे ठेवावे?

३. कोरडी गोदी : जहाज स्थिर, पाणी बाहेर

पहिल्या प्रश्नाचे सर्वात जुने बांधीव उत्तर म्हणजे कोरडी किंवा सुकी गोदी. जमिनीत खोदलेल्या आणि चिरेबंदी केलेल्या या पात्रात भरतीच्या वेळी जहाज आणले जाते. दरवाजा लावून पाणी बाहेर सोडले किंवा उपसले जाते आणि जहाजाचा कणा खाली मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकतो. येथे शेवटी काहीच तरंगत नाही, आणि तेच या गोदीचे प्रयोजन आहे.

अशा गोदीला दोन गोष्टी अनुकूल लागतात : भरती-ओहोटीतील पुरेसा फरक आणि पाणी न झिरपणारी भक्कम भूमी. कोकण किनाऱ्यावर दोन्ही उपलब्ध आहेत. विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष आहेत. खडक फोडून तयार केलेली ही गोदी शंभर मीटरहून अधिक लांबीची असून आरमारी जहाजांच्या बांधणीसाठी व दुरुस्तीसाठी ती वापरली जात असे. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराचा नाश झाला. आपल्या इतिहासग्रंथांत या लढाईचे वर्णन सविस्तर येते, परंतु ज्या गोदीवाचून ते आरमार उभे राहूच शकले नसते, तिचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत आटोपतो.

मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना १७३६ मध्ये आणले. १७५० मध्ये तेथे पहिली कोरडी गोदी तयार झाली आणि पुढील पंधरा वर्षांत तिला जोडून आणखी दोन बांधल्या गेल्या. १८१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या डंकन डॉकमुळे ब्रिटिश आरमारासाठी मोठी युद्धजहाजे येथे बांधणे शक्य झाले. मलबारी सागाची ही जहाजे टिकाऊपणासाठी प्रसिद्ध होती. १८१७ मध्ये मुंबईत जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर जतन केलेले आहे. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाण्याच्या पातळीत ओहोटीच्या तुलनेत सुमारे ४ ते ५ मीटरचा फरक पडतो. वाफेचे पंप येण्यापूर्वीच्या काळात या नैसर्गिक फरकानेच गोदीतील पाणी बव्हंशी बाहेर जाण्याचे काम केले. पारशी जहाजबांधणी कारागिरांच्या कौशल्याला येथील समुद्राची अशी साथ होती.

४. ओली गोदी : जहाज तरंगते, म्हणून गोदी ‘फ्लोटिंग’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ओली गोदी. भरतीच्या वेळी आत आलेले पाणी दरवाजे लावून अडवून ठेवायचे, म्हणजे बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगतच राहते. मालाने भरलेले जहाज चिखलात टेकले तर त्याच्या सांगाड्यावर ताण येतो. शिवाय धक्क्याच्या तुलनेत जहाज सतत वरखाली होत राहिले तर माल उतरविणे अवघड होते. लिव्हरपूल येथे १७१५ मध्ये सुरू झालेली गोदी हे व्यापारी ओल्या गोदीचे प्रारंभीचे महत्त्वाचे उदाहरण होय.

भाषांतरकाराची पहिली अडचण येथे उद्भवते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत ओल्या गोदीलाही ‘फ्लोटिंग’ हे विशेषण लावले जात असे. त्याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८०९ मध्ये पूर्ण झालेले ब्रिस्टलचे ‘फ्लोटिंग हार्बर’. अभियंता विल्यम जेसप यांनी एव्हन नदीचे पात्र दरवाज्यांनी अडवून ते निर्माण केले. तेथे भरती-ओहोटीचा फरक अतिशय मोठा असल्याने जहाजे दिवसातून दोनदा चिखलात बसत. या बंदराला ‘फ्लोटिंग’ म्हटले गेले ते ते स्वतः तरंगते म्हणून नव्हे, तर त्यात जहाजे अखंड तरंगत राहतात म्हणून.

एम.फिल.च्या प्रबंधासाठी बंदरविषयक इंग्रजी मजकुराची टिपणे काढताना प्रस्तुत लेखकाने अशाच एका संज्ञेचे भाषांतर ‘तरंगती गोदी’ असे केले होते. पुढच्याच परिच्छेदात त्या गोदीच्या दगडी भिंतींची जाडी आणि पायाची खोली दिलेली होती. दगडी पाया असलेली गोदी तरंगेल कशी, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. मार्गदर्शकांनी समासात केवळ एक प्रश्नचिन्ह काढले होते. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ उमगण्यास बराच काळ जावा लागला. ही वैयक्तिक चूक नमूद करण्याचे कारण असे की, शब्दकोशाच्या आधाराने पाहिल्यास ते भाषांतर निर्दोष होते. चूक शब्दात नव्हती, वस्तू डोळ्यांपुढे न आणता शब्द वापरण्यात होती.

मुंबईतील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या गोद्या या सर्व ओल्या गोद्या होत. कुलाब्याची ससून डॉक १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांच्या पुढाकाराने समुद्रात भराव घालून झाली. त्यानंतर प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये खुली झाली. अलेक्झांड्रा डॉकचे पुढे इंदिरा डॉक असे नामांतर झाले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यानंतर वाफेच्या मोठ्या जहाजांची वर्दळ वाढली आणि खोल समुद्रात नांगरलेल्या जहाजातून पडावांनी माल आणण्याची जुनी पद्धत अपुरी ठरली, हे यामागील प्रमुख कारण होते. याच काळात बांधलेल्या मेरवेदर (१८९१) आणि ह्यूजेस (१९१४) या मात्र कोरड्या गोद्या आहेत. एकाच आवारात, एकाच संस्थेच्या मालकीच्या असूनही त्यांचे कार्य भिन्न होते.

ओल्या गोदीचे बंदिस्त स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय १४ एप्रिल १९४४ च्या भीषण स्फोटाचे आकलनही अपुरे राहते. स्फोटके आणि कापूस वाहून आणणारे ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये होते. ते खुल्या समुद्रात नांगरलेले नव्हते, तर दरवाज्यांनी बंद केलेल्या जलाशयात, इतर जहाजांच्या आणि गोदामांच्या निकट उभे होते. त्या स्फोटांत शेजारची अनेक जहाजे नष्ट झाली आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. ‘गोदीतील स्फोट’ या शब्दप्रयोगातील गोदी कोणत्या प्रकारची, हे कळले की नुकसानीची व्याप्ती अधिक स्पष्ट होते.

संज्ञेचा निर्णय पुरातत्त्वातही किती दूरगामी ठरतो, हे लोथलच्या उदाहरणावरून दिसते. गुजरातमधील या हडप्पाकालीन स्थळी एस. आर. राव यांना १९५० च्या दशकात सुमारे २१५ मीटर लांब व ३६ मीटर रुंद असा विटांनी बांधलेला आयताकृती जलाशय आढळला. पाणी अडविण्याच्या व सोडण्याच्या सोयीवरून त्यांनी त्यास गोदी म्हटले. आजच्या परिभाषेत ती ओली गोदी ठरते. लॉरेन्स लेश्निक यांनी १९६८ मध्ये तो पाणीसाठ्याचा तलाव असावा असे मत मांडले. २०२४ मध्ये आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी साबरमतीच्या प्राचीन प्रवाहाविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने गोदीच्या बाजूस नवे बळ मिळाले. विटा त्याच आहेत, परंतु ‘गोदी’ म्हणावे की ‘तलाव’ यावर एका संस्कृतीच्या सागरी व्यापाराचे चित्र अवलंबून आहे.

५. तरंगती गोदी : जहाजाला उचलणारे जहाज

आधुनिक अर्थाने ज्याला तरंगती गोदी म्हणावयाचे, ती वास्तू वर वर्णिलेल्या दोहोंहून वेगळी आहे. तिचा आडवा छेद इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असतो. खाली पोकळ टाक्यांचा रुंद तळ आणि दोन्ही बाजूंना पोकळ उंच भिंती असतात. टाक्यांत पाणी भरले की गोदी खाली जाते. दोन भिंतींमधून जहाज आत येते. नंतर पंपाने पाणी बाहेर काढले की गोदी वर येते आणि आपल्याबरोबर जहाजालाही पाण्याबाहेर उचलते. आर्किमिडीजच्या सिद्धान्तानुसार, उचलावयाच्या जहाजाच्या वजनाइतके पाणी गोदीच्या टाक्यांना अधिकचे बाजूस सारावे लागते. म्हणजे हे कार्य कोरड्या गोदीचे, परंतु साधन तरंगणारे.

या कल्पनेचा एक पूर्वज हॉलंडमध्ये आढळतो. ॲमस्टरडॅमजवळील उथळ पाण्यातून मोठी जहाजे पार करण्यासाठी १६९० च्या सुमारास जहाजाच्या दोन्ही बाजूंना पोकळ तराफे बांधून ते उचलून धरण्याची युक्ती प्रचारात आली. ओझे वाहणारे म्हणून या तराफ्यांना ‘उंट’ असे नाव मिळाले. पुढे लोखंडाच्या युगात ही कल्पना विराट आकाराला पोहोचली. बर्म्युडा बेटावर ब्रिटिश आरमाराला गोदी हवी होती, परंतु तेथील चुनखडीचा सच्छिद्र खडक पाणी धरून ठेवीत नसे आणि भरती-ओहोटीचा फरकही अल्प होता. तेव्हा ३८१ फूट लांबीची लोखंडी गोदी १८६८ मध्ये लंडनजवळ वुलिच येथे बांधण्यात आली आणि १८६९ च्या उन्हाळ्यात ‘वॉरियर’, ‘ब्लॅक प्रिन्स’ इत्यादी युद्धनौकांनी ती ओढत अटलांटिकपार नेली. सिंगापूरच्या नाविक तळासाठी ५०,००० टन वजन उचलू शकणारी गोदी १९२८ मध्ये इंग्लंडमधील टाइन नदीवरून सुएझ कालव्यामार्गे भागाभागांनी आणण्यात आली. १९४२ मध्ये सिंगापूर पडण्यापूर्वी ती ब्रिटिशांनीच बुडविली.

तरंगत्या गोदीचा हा इतिहास प्रामुख्याने साम्राज्यांचा आणि युद्धांचा इतिहास आहे. कोरडी गोदी एका भूमीशी बांधलेली असते, तर तरंगती गोदी आरमाराच्या मागोमाग जाऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्रशांत महासागरातील बेटांवर सुटे भाग जोडून अशा गोद्या उभारल्या, त्यामुळे नादुरुस्त युद्धनौका मायदेशी परत पाठविण्याची गरज कमी झाली. परंतु चलनक्षमतेबरोबर एक धोकाही आला. श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथे ८ ऑगस्ट १९४४ रोजी ‘व्हॅलियंट’ ही युद्धनौका उचलत असताना टाक्यांतील पाणी चुकीच्या क्रमाने काढले गेले. जहाजाच्या वजनाची विभागणी आणि गोदीची उचल यांचा मेळ बसला नाही. गोदीचा कणा मोडला, ती बुडाली आणि युद्धनौकेच्या पंख्यांचे व सुकाणूचे मोठे नुकसान झाले. कोरड्या गोदीत जहाजाचा भार भूमी पेलते. तरंगत्या गोदीत तो भार क्षणोक्षणी पाण्याशी हिशेब करून पेलावा लागतो.

मुंबईच्या इतिहासात या दोहोंच्या मधली एक वास्तू येऊन गेली. एडविन क्लार्क यांच्या रचनेवर आधारलेली जलदाबाने जहाज उचलणारी गोदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरातील हॉग आयलंड येथे उभारण्यात आली होती. जेथे नैसर्गिक भरती आणि भक्कम खडक आधीच उपलब्ध होता, तेथे हा प्रकार रुजला नाही. मुंबईने पुढे पुन्हा दगडी कोरड्या गोद्याच बांधल्या. भारतीय नौदलाने मात्र अंदमानसाठी तरंगत्या गोदीचीच निवड केली. जपानमध्ये बांधलेली एफडीएन-१ ही गोदी १९८० च्या दशकात पोर्ट ब्लेअर येथे आली. २०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम असे आहे. चेन्नईजवळील कट्टुपल्ली येथे देशातच बांधलेल्या १८५ मीटर लांबीच्या एफडीएन-२ चे जलावतरण जून २०१७ मध्ये झाले. ती ८,००० टनांपर्यंतची जहाजे उचलू शकते.

६. धक्का, बंदर आणि तरंगती जेट्टी

तिसरा अर्थ प्रामुख्याने अमेरिकी वापरातून आला. तेथील बोलीत जहाज ज्याला लागते त्या कोणत्याही फलाटाला ‘डॉक’ म्हणतात. साहजिकच, पोकळ तराफ्यांवर बसविलेल्या आणि भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणाऱ्या उतरण्या-चढण्याच्या फलाटाला तेथे ‘फ्लोटिंग डॉक’ हे नाव मिळाले. येथे तरंगतो तो माणसाच्या पायाखालचा फलाट. गोव्यात मांडवी नदीवर आणि अन्यत्र अलीकडच्या काळात अशा सोयी झाल्या आहेत. आपल्याकडे त्यांना ‘तरंगती जेट्टी’ म्हणतात आणि तेच योग्य आहे. परंतु इंग्रजी मजकुराच्या घाईच्या भाषांतरात त्या ‘तरंगती गोदी’ होण्याची शक्यता असते. मग प्रवाशांच्या होड्यांचा फलाट आणि युद्धनौका उचलणारी वास्तू यांत भेद उरत नाही.

मराठीत या बाबतीत शब्दांचे दारिद्र्य नाही. ‘बंदर’ हा फारसी शब्द संपूर्ण बंदरासाठी तर वापरला जातोच, परंतु मुंबईत तो एकेका धक्क्यासाठीही रूढ झाला. पालवा बंदर, म्हणजेच इंग्रजांचे अपोलो बंदर, किंवा कर्नाक बंदर ही त्याची उदाहरणे होत. ‘धक्का’ म्हणजे जहाज लावण्याचा बांधीव काठ. भाऊचा धक्का हे नाव लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या स्मरणार्थ लोकांनी टिकविले, जरी कागदोपत्री ‘फेरी व्हार्फ’ असे नाव होते. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’चा, ‘सुकाणू’ हा अरबीचा आणि ‘आरमार’ हा पोर्तुगीज ‘आर्मादा’चा वारसा सांगतो. ‘पत्तन’ हा संस्कृत शब्द शासकीय व्यवहारात परतला आहे, तथापि बोलण्यात ‘बंदर’च राहिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण असून पावसाळ्यात जहाजे सुरक्षित बंदरी ठेवण्याला तेथे ‘छावणी’ हा लष्करी शब्द योजला आहे. अरबी समुद्रातील ऋतुचक्राने मराठी राज्यकारभाराच्या भाषेला दिलेला हा अर्थ आहे.

७. शब्द आणि कामगार

हा भेद केवळ वास्तुशास्त्रीय नाही. ‘गोदी कामगार’ हा मुंबईच्या सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचा शब्द आहे. पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांनी संघटित केलेल्या या कामगारांच्या हंगामी, रोजंदारीवरील कामाला नियमितता यावी म्हणून १९४८ चा गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा झाला. या कायद्यातील गोदी कामगाराच्या व्याख्येचा भर मालाची चढ-उतार, वाहतूक व साठवण आणि त्यासाठी किंवा प्रस्थानासाठी जहाज सज्ज करणे यांवर आहे. म्हणजे ती मूलतः ओल्या गोदीभोवतीची व्याख्या आहे. कोरड्या गोदीत जहाजाचा तळ खरवडणारा, पत्रा ठोकणारा, सांधे भरणारा माणूस लोकांच्या तोंडी गोदीतलाच कामगार होता. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याचे स्थान वेगळे होते.

गोदी कामगारांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवतो. सुतार, लोहार आणि रंगारी यांची कोरड्या गोदीतील परंपरा, जी अठराव्या शतकातील वाडियांच्या जहाजबांधणीपर्यंत मागे जाते, त्या चित्रातून सुटून जाते. एका शब्दात दोन श्रमविश्वे सामावली आणि त्यांपैकी एक दिसेनासे झाले. एकविसाव्या शतकात प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या गोद्या कंटेनर साठविण्याच्या जागेसाठी भरून काढण्यात आल्या. जेथे पाणी अडविले होते तेथे आता जमीन आहे. अशा वेळी ती गोदी काय होती, हे सांगण्यास मुख्यतः शब्दच उरतात.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, ‘फ्लोटिंग डॉक’ या संज्ञेचे भाषांतर काळ व प्रदेश पाहूनच करावे. जहाज तरंगत ठेवणाऱ्या बंदिस्त जलाशयास ‘ओली गोदी’, जहाज उचलणाऱ्या तरंगत्या वास्तूस ‘तरंगती गोदी’ आणि चढण्या-उतरण्याच्या तरंगत्या फलाटास ‘तरंगती जेट्टी’ असे तीन शब्द निश्चित करणे हितावह ठरेल. दोन, गोदीच्या प्रकाराची निवड ही प्रामुख्याने भरती-ओहोटीचा फरक, भूमीचे स्वरूप आणि आरमारी गरज यांनी ठरते. म्हणून गोदीचा इतिहास हा किनाऱ्याच्या भूगोलापासून वेगळा करता येत नाही. तीन, ‘पहिली गोदी’ यासारखी विधाने प्रकार नमूद केल्याविना करू नयेत.

आपल्या महाविद्यालयांत किनारपट्टीवरील अनेक विद्यार्थी येतात. उधाण, भांग, सुकती हे शब्द त्यांना घरातूनच ठाऊक असतात, परंतु इतिहासाच्या तासाला ते उच्चारण्याजोगे आहेत असे त्यांना वाटत नाही. एकदा कोरड्या गोदीचे कार्य समजावून सांगताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “म्हणजे सर, सुकतीला होडी टेकते तेच, फक्त दरवाजा लावून?” गोदीची याहून नेमकी व्याख्या प्रस्तुत लेखकास पाठ्यपुस्तकात आढळलेली नाही. परिभाषा घडविण्याचे काम केवळ कोशकारांवर न सोपविता अशा बोलत्या शब्दांपासून आरंभ केला, तर सागरी इतिहासाचे मराठीतील लेखन अधिक अचूक होईल, आणि ज्यांचा तो इतिहास आहे त्यांच्या अधिक जवळचेही होईल.